एकशेवीस दादांचा हात

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे मोठे साहेब. रुग्णालयातली धावपळ बाजूला ठेवून प्रमुख पाहुण्या म्हणून आलेल्या हृदयरोगाच्या डॉक्टरबाई. आजचे सत्कारमूर्ती, आम्हा सर्वांचे एकशेवीस दादा. त्यांच्या शेजारी, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेल्या वहिनी. समोर पहिल्या रांगेत बसलेली दादांची लेक आणि जावईबापू. जुळणी, तपासणी, पॅकिंग आणि स्टोअर या खात्यांतले माझे सगळे सहकारी, आणि मागे दाराशी उभ्या असलेल्या, कितीही आग्रह केला तरी खुर्चीवर न बसणाऱ्या पॅकिंगच्या मावशी. सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

पाहुण्यांना एका गोष्टीचा खुलासा करतो. आपल्याकडे वरच्या मजल्यावर चांगलं सभागृह म्हणावं असा हॉल आहे. पंखे आहेत, पडदे आहेत, साहेबांनी मागच्याच वर्षी नवा माइकही घेतला. तरी आपण खाली पॅकिंगच्या खोलीत, खोक्यांच्या गराड्यात, चार फळ्या जोडून केलेल्या या व्यासपीठावर जमलो आहोत, याचं कारण वर जायला चोवीस पायऱ्या आहेत. दादांना आता चोवीस पायऱ्या चढायच्या नाहीत, आणि मालाच्या लिफ्टने माणसांनी जाणं आता बंद आहे. पायऱ्यांचा हा विषय मी आत्ता इथेच सोडतो, कारण त्याच्याकडे मला परत यायचं आहे आणि त्याची मला भीती वाटते.

आत्ताच डॉक्टरबाईंनी फार सुंदर भाषण केलं. मीठ बेताने खा, रोज अर्धा तास पाय मोकळे करा, सात तास झोपा, तंबाखूला हात लावू नका, राग मनात साठवू नका, आणि तिशी ओलांडली की वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घ्या. बाई बोलत होत्या तेव्हा मागच्या दोन रांगा गालातल्या गालात हसत होत्या, ते बाईंना दिसलं असेल. बाई, गैरसमज नसावा. ही मंडळी तुम्हाला हसत नव्हती, मला हसत होती. आपल्या प्रत्येक यंत्राच्या खोक्यात एक माहितीपत्रक जातं, त्यात हेच सगळं जवळपास याच क्रमाने छापलेलं आहे, आणि ते पत्रक मी लिहिलेलं आहे. गेली अठरा-एकोणीस वर्षं ही मंडळी ते घडी घालून खोक्यात सरकवत आली आहेत. त्यातला शब्दन् शब्द इथे सगळ्यांना पाठ आहे. पाळतो कोण, हा प्रश्न तुम्ही विचारू नका आणि आम्ही उत्तर देत नाही.

आपण रक्तदाब मोजायची यंत्रं बनवतो. तबकडीवर काटा असलेली, दंडाला पट्टा आणि हातात रबरी फुगा असलेली, जुन्या वळणाची. यंत्र तयार झालं की ते आधी पाऱ्याच्या उभ्या नळीवर तपासायचं. पारा खोटं बोलत नाही, म्हणून तो आपला पंच. तिथे दहा ठिकाणी काटा पाऱ्याशी जुळला की मग शेवटची चाचणी माणसाच्या हातावर. हा नियम आमच्या पहिल्या फोरमनसाहेबांचा. ते म्हणायचे, यंत्राला शेवटी नळीवर जगायचं नाहीये, माणसाच्या दंडावर जगायचंय.

पण कुठल्या माणसाच्या? फोरमनसाहेबांनी त्या वेळी कारखान्यातल्या सगळ्यांना ओळीने बसवून महिनाभर रोज मोजलं. माझा एका दिवशी एकशेतीस, दुसऱ्या दिवशी एकशेबारा. स्टोअरकीपरचा तर साहेब दारातून आत आले की पंधराने चढायचा. एकच माणूस निघाला असा, की सोमवार असो, शनिवार असो, घरमालकाशी भांडून आलेला असो की लेकीचा निकाल ऐकून आलेला असो, काटा एकशेवीसवर आणि खाली ऐंशीवर. स्टोअरमध्ये खिळे-स्क्रू मोजणारा हा माणूस त्या दिवशी तपासणीच्या टेबलावर बसला आणि त्याचं नाव गेलं ते गेलंच. परवा निरोपाचं मानपत्र छापायला दिलं, तेव्हा छापखानेवाल्याने नाव विचारलं आणि आमच्यातल्या तिघांना एकमेकांकडे बघावं लागलं!

दादा, तुम्ही हसताय, पण तुमचा थाट आम्ही पाहिलाय. बरोबर अकरा वाजता तुम्ही खुर्चीत बसायचात, पाय जमिनीला टेकवून, पाठ टेकून. डावी बाही तीन घड्या घालून वर. हात टेबलावर, हृदयाच्या उंचीला. पाच मिनिटं गप्प. मग एकच शब्द: "घ्या." एकोणीस वर्षं या माणसाने अकराच्या आधी चहा घेतला नाही, कारण चहाने हात बिघडेल. लग्नाच्या हॉलमध्ये लेकीची पाठवणी दुपारी होती, तर हा माणूस सकाळी चार यंत्रांसाठी कारखान्यात येऊन गेला. जावईबापू, तुम्हाला हे माहीत नसेल. तुमचे सासरे त्या दिवशीसुद्धा एकशेवीस होते.

मी हिशेब करून पाहिला. दिवसाला चार यंत्रं धरली तरी दादांचा रक्तदाब आजवर वीस हजार वेळा मोजला गेला असेल. एवढ्या वेळा कुणाचाच मोजला गेला नसेल. आणि वीस हजारांतून एकदाही तो त्यांच्यासाठी मोजला गेला नाही. प्रत्येक वेळी आम्ही यंत्र तपासत होतो.

आता मला थोडं पाणी घेऊ द्या.

गेल्या आठवड्यात दादा माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "मास्तर, माझ्या निरोपाला तुम्हीच बोलायचं. आणि एक गोष्ट नक्की सांगायची. सगळ्यांना सांगायचं, की चूक माझी होती. मी काळजी घेतली नाही. खारे दाणे सोडले नाहीत, चाललो नाही, पत्रकं नुसती घडी घालत बसलो. तरण्या मंडळींना तेवढाच धडा." मी म्हटलं, सांगतो. कागदावर तसं भाषणही लिहिलं. ते हे इथे खिशात आहे. त्यात डॉक्टरबाईंच्या सगळ्या सवयी आहेत, दादांच्या निष्काळजीपणावर दोन गोड विनोद आहेत, आणि शेवटी दीर्घायुष्याच्या शुभेच्छा आहेत. भाषण चांगलं झालंय. ते मी वाचणार नाही.

साहेब, माझ्या तपासणीच्या टेबलावर बसणाऱ्यांना 'अर्धा फेरा' म्हणजे काय ते ठाऊक आहे. तुम्हाला कदाचित नसेल, म्हणून सांगतो. आपल्या यंत्राच्या पोटात एक बारीक स्क्रू असतो. काटा किती चढायचा ते त्यावर ठरतं. तो आवळला की काटा शून्यावर असताना काहीच कळत नाही, शून्य शून्यच राहतं. वर चढताना मात्र तो खऱ्यापेक्षा मागे राहतो. अडीच वर्षांपूर्वी आपण नव्या ठिकाणाहून स्प्रिंगा घ्यायला लागलो, आठवतं? त्याच सुमारास मागणी वाढली. पाऱ्याच्या नळीवर एका यंत्राला वीस मिनिटं लागायची. मी ठरवलं, दहातलं एकच नळीवर लावायचं. पुढे तेही राहिलं. नळीवर फडकं पडलं, आणि मी न तपासता सह्या करत गेलो. मी म्हणायचो, "नळी कशाला? दादांचा हात आहे की!" आणि सगळे हसायचे. दादांना तर त्याचा अभिमान वाटायचा.

मग एक दिवस यंत्र दादांच्या हातावर एकशेचोवीस दाखवू लागलं. दुसरंही. तिसरंही. माझ्या जागी शाळकरी पोर असतं तरी त्याने विचारलं असतं, की काका, सगळी यंत्रं एकच सांगतायत तर त्यांचं ऐका ना! मी म्हणालो, नव्या स्प्रिंगा कडक आल्यात. स्क्रूला पाव फेरा द्या. दिला. काटा एकशेवीसवर आला. तीन-चार महिन्यांनी तो पुन्हा चढला, मी अर्धा फेरा सांगितला. मग पाऊण. दरवेळी दादा बाही खाली करताना विचारायचे, "काय मास्तर, किती?" आणि मी म्हणायचो, "एकशेवीस, दादा, दुसरं काय असणार!"

यंत्रं ओरडून सांगत होती की या माणसाला त्रास आहे. मी एकेकाचं तोंड स्क्रूने आवळत होतो.

थांबा. कुजबुज करू नका, मला पुढचं बोलायचं आहे, आणि एकदा थांबलो तर पुन्हा सुरू होणार नाही. आतापर्यंत जे सांगितलं ती चूक होती. हाताने काम करणाऱ्याकडून चूक होते. पुढचं जे आहे त्याला मी चूक म्हणू शकत नाही.

एका लहानशा दवाखान्यातल्या सिस्टरचा फोन आला. आवाज तरुण होता, बोलणं भीतभीत. म्हणाल्या, "सर, तुमचं नवं यंत्र आमच्या जुन्यापेक्षा वीसने कमी दाखवतं. आमचंच जुनं बिघडलं असेल, पण म्हटलं विचारावं." मी ते यंत्र मागवून घेतलं. संध्याकाळी सगळे गेल्यावर नळीवरचं फडकं काढलं. पारा एकशेबेचाळीसला होता आणि काटा एकशेवीसला. टेबलावरची आणखी तीन लावली. तीच गत. स्टुलावर बसून मी सरळ विचार केला, बहुतेक वर्षभरात पहिल्यांदाच. स्प्रिंगा कडक नव्हत्या. हात बदलला होता.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता दादा बाही दुमडून बसले होते, समोर कागदात खारे दाणे. मला एवढंच म्हणायचं होतं: दादा, तुमचा रक्तदाब वाढलाय, चला, माझ्याबरोबर आत्ता डॉक्टरकडे चला. दहा शब्दसुद्धा होत नाहीत. पण ते म्हणायचं तर वर्षभराची यंत्रं खोटी आहेत हेही म्हणावं लागलं असतं. ती परत मागवावी लागली असती. माझ्या सह्या बाहेर आल्या असत्या. चालू मागणीतली शेवटची चाळीस यंत्रं जायला बारा-पंधरा दिवस होते. मी मनाशी म्हटलं, ती गेली की सांगू. काय फरक पडतो बारा दिवसांनी?

आणि बघा मी काय केलं. मी दादांना माझंच पत्रक वाचून दाखवायला लागलो. "दादा, जरा मीठ कमी करा." "दादा, दाणे पुरे." "दादा, रोज चालत जा, झोप पुरी घ्या." सल्ला एकही खोटा नव्हता. डॉक्टरबाईंनी आज जे सांगितलं, तेच. दादा मोठ्याने हसले, म्हणाले, "मास्तर, माझा हात एकशेवीसचा आहे. मला काय धाड भरलीये?" उत्तर माझ्या ड्रॉवरमध्ये पडलेलं होतं, त्या सिस्टरच्या यंत्रात.

खरी गोष्ट सांगायची हिंमत नसली की माणूस चांगला सल्ला देतो, हे मी त्या दिवसांत शिकलो.

रोज नवा सल्ला देत होतो मी. दादा म्हणायचे, मास्तरांना काय झालंय, बायकोसारखे मागे लागलेत. वहिनी, माफ करा, ते तसं म्हणाले होते. आणि अकराव्या दिवशी मी म्हटलं, "दादा, मालाच्या लिफ्टने वर येता तेवढं तरी बंद करा. जिना चढा." पत्रकात आहे ते. पाचव्या क्रमांकावर. त्याच्या वरच्या ओळीत, चौथ्या क्रमांकावर, हेही आहे की श्रमाची नवी सवय लावण्याआधी रक्तदाब मोजून घ्यावा. तो क्रमांक मी सांगितला नाही.

बाराव्या दिवशी दादा खोकं लिफ्टमध्ये ठेवून स्वतः जिन्याने वर आले. मला खालूनच हाक मारली, "मास्तर, बघा हं, तुमचं ऐकतोय!" सोळा पायऱ्या चढले. सतराव्या पायरीवर कठड्याला धरून खाली बसले. मी वरून बघत होतो. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता आणि डावा हात उजव्या हाताने धरला होता. तोच हात.

डॉक्टरबाई म्हणतात, जिन्याने झालं असं कुणी म्हणू शकत नाही, ते कुठेही, कधीही झालं असतं. बाई, तुमचा मी आदर करतो. पण बारा दिवस आधी तुमच्याकडे आणलं असतं तर काय झालं असतं, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. आजही विचारत नाही.

रुग्णालयात डॉक्टरबाईंनीच पट्टा बांधला. एकशेसत्तर, खाली एकशेचार. यांनी विचारलं, रक्तदाबाचा त्रास कधीपासून आहे? वहिनी म्हणाल्या, "छे हो, यांचा एकशेवीस असतो. कारखान्यात रोज मोजतात." बाई माझ्याकडे वळल्या. "रोज मोजता?" मी म्हटलं, "हो." "आणि एकशेवीस यायचा?" मी म्हटलं, "हो." बाईंनी कागदावर लिहिलं, आधीचा इतिहास नाही. बाई, तो कागद तुम्ही कृपा करून दुरुस्त करा. इतिहास होता, आणि तो बारा दिवस माझ्या ड्रॉवरमध्ये होता.

सव्वा वर्ष झालं या गोष्टीला. दादा शस्त्रक्रियेतून उठले, कारखान्यात परत आले. जड काम नको म्हणून याच खोलीत, त्या खिडकीपाशी बसून माहितीपत्रकांना घड्या घालू लागले. माझ्या पत्रकांना. मी रोज तिथून जायचो आणि ते हात वर करायचे. आता निवृत्तीच्या दोन वर्षं आधीच ते घरी चाललेत. दरम्यान मी सगळी यंत्रं परत मागवली, आणि पत्रात कारण लिहिलं, स्प्रिंगांमध्ये दोष. साहेबांनी त्या पत्राबद्दल माझं कौतुक केलं, प्रामाणिक माणूस म्हणाले. साहेब, आज सकाळी तुमच्या टेबलावर मी एक पाकीट ठेवलंय. त्यात खरं कारण आहे, आणि जी नऊ यंत्रं अजून परत आली नाहीत त्यांचे नंबर आहेत. ती कुठेतरी कुणाच्या तरी दंडावर आज सकाळीही बांधली गेली असतील आणि कुणालातरी "सगळं ठीक आहे" म्हणून घरी पाठवलं असेल. माझं काय करायचं ते तुम्ही ठरवा, पण आधी ती नऊ शोधू या.

दादा, हात खाली करा. मला बसवू नका. अजून एका माणसाशी बोलायचं राहिलंय.

वहिनी, त्या पहिल्या दिवशी अतिदक्षता विभागाच्या बाहेर, त्या लांबलचक बाकावर आपण दोघंच होतो. तुमच्या मांडीवर दादांचा रिकामा डबा होता, तुम्ही तो रुमालात पुन्हापुन्हा बांधत होता. तुम्ही मला विचारलंत, "मास्तर, माझ्याच हातचं मीठ जास्त पडायचं का हो?" मी म्हटलं, "वहिनी, झालं ते झालं. मनाला लावून घेऊ नका."

सांत्वन वाटावं असं वाक्य होतं. नीट ऐकलं तर त्याचा अर्थ एकच होतो: हो, तुमच्या मिठाने झालं. तुम्ही नीट ऐकलंत. दादांनीच मला सांगितलं, की त्या दिवसापासून घरात तुम्ही मिठाची बरणी वरच्या फळीवर टाकलीत, आणि दादांचं ठीक आहे, पण स्वतःच्याही ताटात चिमूट घेत नाही. लेकीकडे गेलात तर तिथेही नुसतं अळणी जेवता. ती रडली तरी ऐकत नाही. दादा हे हसत सांगत होते. म्हणाले, "माझ्यापेक्षा हिनेच पथ्य जास्त मनावर घेतलंय." ते पथ्य नाहीये, दादा. वहिनी शिक्षा भोगतायत, आणि ती शिक्षा माझी आहे.

वहिनी, मीठ कमी खावं हे खरंच. दादा डब्यावर वरून मीठ घ्यायचे, दाणे खायचे, चालायचे नाहीत, हेही खरं, आणि त्यातून त्यांचा रक्तदाब चढला असेल. पण तो चढतोय हे कळायला साऱ्या जगात ज्या एका टेबलावर वर्षभर रोज संधी होती, त्या टेबलाचा प्रमुख मी होतो. तुमच्या स्वयंपाकघरात काही लपलेलं नव्हतं. लपलं ते माझ्याकडे. तुमच्या मिठाने दादांना सतराव्या पायरीवर बसवलं नाही. हे मला त्या बाकावरच सांगायचं होतं. सव्वा वर्ष उशीर झाला. आज घरी गेल्यावर ती बरणी खाली काढा. दादांना बाईंनी सांगितलंय तेवढंच द्या, पण स्वतःच्या घासाला चव येऊ द्या, एवढीच माझी विनवणी आहे.

तरुण मंडळींनो, दादांनी तुम्हाला धडा द्यायला सांगितलं होतं, तो चुकवत नाही. डॉक्टरबाईंनी सांगितलेल्या सगळ्या सवयी लावून घ्या, त्या सोप्या आहेत. आणि उद्यापासून टेबलावर बसणाऱ्या प्रत्येकाने, मी तिथे असो वा नसो, नळीवरचं फडकं पहिल्यांदा काढायचं. शेजारच्या माणसाचा आकडा बदललेला दिसला, चेहऱ्याचा दिसो की श्वासाचा दिसो, तर त्याला सल्ला नका देऊ. त्याला काय दिसलं ते सांगा, आणि त्याच्याबरोबर जा.

आता भेटवस्तू. सगळ्यांनी मिळून दादांना घड्याळ द्यायचं ठरवलं होतं, ते साहेबांच्या हस्ते दिलं जाईलच. या खोक्यात माझ्याकडून एक यंत्र आहे. आज सकाळी आठ वाजता ते पाऱ्यावर दहा ठिकाणी तपासलं. पारा वाचला मावशींनी, आणि सोबतच्या कार्डावर आकडे लिहिलेत तेही मावशींनी, त्यांच्या त्या मोठ्या गोल अक्षरात. सहीसुद्धा त्यांचीच आहे. माझ्या सहीवर दादांच्या घरी तरी कुणी विश्वास ठेवू नये.

अध्यक्षमहाराजांनी मला दहा मिनिटं दिली होती, मी त्याच्या दुप्पट घेतली, आणि चिठ्ठी आली तरी न वाचता खाली ठेवली. डॉक्टरबाई आल्या, त्यांचे आभार; त्यांच्या हातांचे तर आपण जन्मभराचे ऋणी आहोत. त्या दवाखान्यातल्या भीतभीत बोलणाऱ्या सिस्टर इथे नाहीत, पण या कारखान्यात सर्वांत आधी आभार मानायचे ते त्यांचे. मावशींचे आभार, खोकी हलवून ही खोली उभी करणाऱ्या सर्वांचे आभार, आणि तुम्ही मध्येच उठून गेला नाहीत म्हणून तुमचेही. बोलण्याच्या भरात मागचं पुढे झालं असेल, कुणाचा मान राहिला असेल, एखादा शब्द कडवट गेला असेल, तर ते सारं उदार मनाने पदरात घ्या. दुसरी जी गोष्ट मी सांगितली, ती मात्र पदरात घेऊ नका. ती माझी मलाच नीट उचलू द्या.

दादा... हे काय? बाही कशाला दुमडताय? अहो, तुम्ही उठून जाल, तोंड फिरवाल, चार शब्द ऐकवाल, याची तयारी करून मी आलो होतो. याची नव्हती केली. वहिनी, तुम्ही तरी त्यांना...

तुम्हीच खोकं उघडताय.

काय म्हणालात दादा? पुन्हा म्हणा. मागच्यांना ऐकू आलं नाही.

"घ्या" म्हणालात.

बरं. पाय जमिनीला टेकवा. पाठ टेकून बसा. हात इथे टेबलावर, हृदयाच्या उंचीला. पत्रकातली पहिली ओळ सगळ्यांना पाठ आहे: मोजण्याआधी पाच मिनिटं स्वस्थ बसावं आणि कुणीही बोलू नये. तेव्हा आता पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, मीही नाही. त्यानंतर काटा जिथे थांबेल तो आकडा, तो कितीही येवो, मी इथूनच मोठ्याने वाचून दाखवीन.